दवाखान्यासमोरचं रेलिंग

मंगळवार, ३ फेब्रुवारी

साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावून सांगितलं — दवाखान्यासमोरच्या रस्त्याचं काम तुमच्याकडे. म्हटलं, मी आरेखक. नकाशे काढते, रेषा मारते. काम म्हणजे नेमकं काय करू? तर म्हणाले, लोकांचं ऐकायचं. वरून पत्र आलंय. यापुढे कुठल्याही रस्त्याला हात लावायच्या आधी तिथल्या लोकांना विचारायचं, आणि विचारलं हे कागदावर दाखवायचं. तुम्ही तिथेच राहता, मग तुम्हीच विचारा.

पालिकेच्या नगररचना विभागात एकतीस वर्षं झाली. लोकांना विचारा असं पहिल्यांदाच ऐकलं. किती रस्ते मी कागदावर रुंद केले, मोजदाद नाही. कुणाच्या ओट्यावरून रेषा गेली, कुणाच्या झाडावरून. टेबलावर वाकून बसलं की ओटा दिसत नाही. रेषा दिसते.

घरी यांना सांगितलं. हे बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, इमारतीच्या कमिटीचे सचिव आहेत, त्यामुळे समोरच्या रस्त्याबद्दल यांना मत असणारच. "लोकांना विचारून कधी रस्ते झालेत?" एवढंच म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सुट्टी असून सकाळी सात ते दुपारी दोन रस्त्यावर उभी. वीस वर्षं रोज इथून जाते, आज पहिल्यांदा पाहिलं म्हणायचं.

एका बाजूला दवाखाना, त्याला लागून आमची इमारत. समोर बसथांबा. मधे रस्ता — तीन गाड्या इकडून, तीन तिकडून — आणि गुडघ्याएवढा दुभाजक. दवाखान्याच्या दारासमोर दुभाजकाचे दोन दगड कधीकाळी निखळलेत. त्या फटीतून सगळं गाव पलीकडे जातं. सिग्नल आहे, नाही असं नाही. दारापासून तीनशे चाळीस पावलांवर. माझ्या पावलांनी. प्लास्टरमधल्या पायाने किती होतात, कोण जाणे.

सात तासांत फटीतून सहाशे अठरा माणसं गेली. सिग्नलवरून एकोणीस. आणि इतकी वर्षं आमच्या नकाशात ती फट नाहीच. नकाशात दुभाजक अखंड आहे!

आमच्या इमारतीच्या भिंतीला पाठ लावून फुटपाथवर अकरा जण बसतात. पहिला किल्लीवाला, मग चपला शिवणारा, बॅगांच्या चेन बसवणारा, दोन फळवाल्या, घड्याळवाला, त्याच्यानंतर शिलाई मशीन घेऊन बसणारी शिंपीण, पुढे आणखी चौघे. शिंपिणीला सगळे मावशी म्हणतात. मीही म्हणते. आज कळलं, माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

विचारायला सुरुवात केली. वही, पेन्सिल, गळ्यात ओळखपत्र. ओळखपत्र पाहून निम्मे लोक रस्ता बदलतात.

मावशी बोलेनात. मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, तीन वेळा उठवलंय मला. दर वेळी आधी कुणीतरी येऊन लिहून घेतं. "लिहून घेतलं की उचलतात, ताई. आमचं नाव कागदावर आलं की समजायचं, ट्रक निघाला."

मी म्हटलं, मी लिहितेय म्हणूनच या वेळी उचलणार नाहीत. कागदावर आलात तर रस्ता आखताना तुमची जागा सोडता येईल. नाही आलात तर तिथे रिकामा फुटपाथ आहे असंच सगळे धरून चालतील.

दोन दोरे सुईत ओवून होईपर्यंत विचार केला त्यांनी. मग सगळं सांगितलं. किती वाजता येतात, मशीन कुठे ठेवतात, ऊन कुठून कुठे सरकतं, दवाखान्यात आलेली माणसं औषधाची वाट पाहत कुठे टेकतात. आपल्या स्टुलावर म्हाताऱ्यांना बसवतात आणि स्वतः उभ्याने काजं करतात, हेही.

शब्द दिलाय. लिहून ठेवते.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

एकेचाळीस नंबरचा माणूस लक्षात राहील. सत्तरी ओलांडलेली. आयुष्यभर बस चालवली. साखरेमुळे पायाला जखम, एक दिवसाआड ड्रेसिंगला येतात. दवाखान्यातल्या नर्सबाई त्यांना ड्रायव्हरआजोबा म्हणतात.

मी विचारलं, ओलांडताना भीती वाटते का? म्हणाले, वाटते. लिहा. पण पुढचंही लिहा. मग काठीने जमिनीवर रेघोट्या ओढून मला शिकवलंच त्यांनी! रस्ता लांबलचक सरळ दिसला की ड्रायव्हरचा पाय आपोआप खाली जातो. पाटी लावून उपयोग नाही, पाटी कुणी वाचत नाही. इथे दोन्ही बाजूंनी रस्ता जरा आवळा, मधे थोडा उंचवटा द्या, कडेला माणसं बसलेली दिसू द्या. "बाई, भीती गाडीवाल्याला वाटली पाहिजे. चालणाऱ्याला घाबरवून काय मिळणार?"

एकतीस वर्षांत एकाही अभियंत्याने मला हे इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

रविवार, १ मार्च

दोनशे बारा माणसं झाली. मोठ्या कागदावर नकाशा काढला, हाताने. कोण कुठे बसतं, किती वाजता, सावली कुठे, थकलेली माणसं कुठे थांबतात, फट किती रुंद. अकरा जणांना एक ते अकरा नंबर दिले. सात दिवस जेवणाच्या टेबलावर पसरला होता, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

माझी मागणी एवढीशी — फट नीट चार फुटांची करा, दोन्ही कडांनी रस्ता आवळा, उंचवटा, पांढरे पट्टे, दोन बाक, एक छप्पर. उड्डाणपूल नको, काही नको.

यांनी चष्मा लावून पाऊण तास नकाशा पाहिला. प्रश्नही विचारले. हा सातवा नंबर कोण, हा आपल्या गेटपासून किती लांब. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझं काम वाकून पाहिलेलं पहिल्यांदाच. बरं वाटलं. लपवायचं कशाला.

सोमवार, ९ मार्च

चाचणीला परवानगी! आठ दिवस. साहेब तरुण आहेत, मनात आलं तर हो म्हणतात. स्टोअरमधून ड्रम मिळाले. चुन्याने पट्टे आखले, ड्रम लावून रस्ता आवळला. बाक मिळाला नाही, दवाखान्याने आपला आतला दिला. छप्पर म्हणून बॅगवाल्याची ताडपत्री.

शनिवार, १४ मार्च

गाड्या हळू जातात. खरंच जातात. ड्रायव्हरआजोबा ड्रेसिंग नसतानाही आले आणि बाकावर बसून प्रत्येक गाडीला मार्क देत होते. नर्सबाई म्हणाल्या, एरवी आठवड्याला दोन-तीन तरी खरचटलेले दारातूनच आत येतात, या आठवड्यात एकही नाही. किल्लीवाल्याने ड्रमवर लाल पट्ट्या चिकटवल्या, कुणी सांगितलं नव्हतं.

मी मधोमध उभी राहून पाहत होते. कुणी पळत नव्हतं. माणसं चालत होती.

बुधवार, १८ मार्च

ड्रम परत नेले. दुसऱ्या कामाला हवेत म्हणे. साहेबांनी आधी फोटो काढून घेतले. फोटोत मी नाही, मावशी नाही, आजोबा नाहीत. साहेब आहेत आणि ड्रम आहेत.

गुरुवार, २ एप्रिल

अहवाल आला. बाहेरचे सल्लागार नेमले होते, त्यांनी केलाय. ते या रस्त्यावर एकदाही आले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

माझ्या दोनशे बारा माणसांचं त्यांनी एका वाक्यात लोणचं घातलं — "एकशे त्रेसष्ट नागरिकांनी रस्ता ओलांडण्याची भीती व्यक्त केली असल्याने, ओलांडणे बंद करण्यासाठी दुभाजकावर पाच फूट उंच रेलिंग बसवावे."

तीन वेळा वाचलं. एकशे त्रेसष्ट हा आकडा माझाच. भीती वाटते का, हा प्रश्न माझाच. आजोबा म्हणाले होते, पुढचंही लिहा. मी लिहिलं होतं. पुढचं कुणी छापलं नाही.

साहेबांकडे गेले. ते चिडले नाहीत, उलट समजावत होते. म्हणाले, रेलिंग आमच्या खात्यात बसतं. बाक बसत नाही. बाक उद्यान विभागाचा, छप्पर परिवहनचं, पट्टे वाहतूक शाखेचे, उंचवट्याला तिघांची सही. "बाई, मला वर्षात एक काम पुरं करून दाखवायचंय. आणि लोक घाबरतात हे तुम्हीच तर लिहिलंय."

मीच लिहिलंय.

गुरुवार, १६ एप्रिल

रेलिंग बसलं. हिरवं. फट बुजवली, वर सिमेंट. सल्लागारांच्या नव्या आराखड्याची स्वच्छ प्रत मलाच काढायला लावली. काढली. एक अखंड रेषा. माझं टोपणनाव आता "लोकसहभागवाल्या बाई" पडलंय ऑफिसात. हसतात.

मंगळवार, २१ एप्रिल

सिग्नलपर्यंत चालत जाऊन पलीकडून परत आले. सहाशे ऐंशी पावलं, बारा मिनिटं. ऊन मी म्हणत होतं.

सोमवार, २७ एप्रिल

हे लिहायलाच हवं.

सकाळी साडेनऊला अतिक्रमण विभागाचा ट्रक आला. मी ऑफिसला निघालेली, गेटात होते. निरीक्षकाच्या हातात एक झेरॉक्स होती. ती पाहून तो नंबर पुकारत होता. क्रमांक एक, किल्ल्या. क्रमांक दोन, चपला. दुपारनंतर येणारी फळवालीही त्याला माहीत होती, तिची टोपली कुठे झाकून ठेवलेली असते तेही माहीत होतं. माझा नकाशा होता तो. माझं अक्षर. सावली कुठून कुठे सरकते ते दाखवणारे माझे बाण.

क्रमांक सात, शिलाई मशीन. दोघांनी मशीन उचलली. त्यात अर्धवट शिवलेली पँट तशीच, ट्रकमध्ये चढली तेव्हा पाय लोंबत होते.

मावशी ओरडल्या नाहीत. स्टूल काखेत घेतलं, माझ्याजवळून जाताना थांबल्या. "ट्रक निघाला, ताई," म्हणाल्या. बस, एवढंच.

ऑफिसला गेले. हजेरीची सही केली. दिवसभर काय केलं आठवत नाही.

मंगळवार, २८ एप्रिल

साहेबांना सरळ विचारलं. नकाशा अतिक्रमणवाल्यांना का दिलात? ते म्हणाले, दिला नाही. कपाटात आहे, बघा. बघितला, आहे. म्हणाले, शपथ घेऊन सांगतो, या विभागातून गेला नाही.

विश्वास ठेवला नाही. मी तोंडावर तसं म्हणाले. एकतीस वर्षांत वरिष्ठांना खोटं पाडलं नव्हतं, आज पाडलं.

रविवार, ३ मे

मोकळा फुटपाथ पाच दिवस मोकळा राहिला. सहाव्या दिवसापासून गाड्या. आमच्याच इमारतीच्या. पहिली आमची लागली. यांना म्हटलं, फुटपाथवर गाडी? तर म्हणाले, सगळेच लावणार, आपण मागे का राहायचं. आता चौदा आहेत, नाकाला नाक लावून. चालायला एक वीत नाही.

सोमवार, ११ मे

दुसऱ्याच कामासाठी अतिक्रमण विभागात गेले होते. कारकून जेवायला गेलेला, आमच्या रस्त्याची फाइल टेबलावर उघडी. वाचली.

पहिल्या पानावर अर्ज. इमारत कमिटीचा. "आमच्या भिंतीलगतची अतिक्रमणे हटवून फुटपाथ नागरिकांसाठी मोकळा करावा. सोबत सविस्तर नकाशा जोडला आहे." खाली सचिवांची सही.

ही सही मी एकतीस वर्षं ओळखते. मुलीच्या शाळेच्या प्रत्येक प्रगतीपुस्तकावर आहे.

टेबलावर सात दिवस पसरला होता नकाशा. मी ऑफिसला गेल्यावर कोपऱ्यावर जाऊन झेरॉक्स काढायला किती वेळ लागतो.

मंगळवार, १२ मे

काल बोलणं झालं. भांडण म्हणता येणार नाही, भांडायला दोघं लागतात. मी विचारलं, हे सांगत होते. चोरी केल्यासारखं बोलत नव्हते, हेच जास्त लागलं. कमिटीचा ठराव होता म्हणाले. गाड्यांना जागा नाही, घरांच्या किमती पडतात, गेटात गर्दी. रीतसर अर्ज केला, कायद्यात बसतं ते मागितलं. पूर्वी दोनदा अर्ज करून काही झालं नव्हतं.

मग म्हणाले, "या वेळी लगेच झालं, कारण नकाशा तू काढलेला होता. अधिकारी म्हणाला, इतकं चोख काम पाहिलं नाही."

कौतुक होतं ते! यांच्या परीने कौतुकच होतं.

मी म्हटलं, मी त्या बाईला शब्द दिला होता. "मला कुठे सांगितलंस?" म्हणाले. खरं आहे. सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर थांबले असते का? विचारलं. यांनी पेपर उघडला.

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणावं तर कुंपण कोण? मीच कागद घरात आणला. मुलगी नोकरीला गेल्यापासून तिची खोली रिकामी आहे, तिथे गादी घातली.

साहेबांची माफी मागायला हवी.

बुधवार, १३ मे

मागितली. ते म्हणाले, राहू द्या. मला वाटतं, कुठून गेला ते त्यांना आधीच कळलं होतं. माझी लाज राखायला बोलले नाहीत. ज्यांना मी शिव्या देत होते त्यांनी लाज राखली, आणि घरच्याने काढली.

बुधवार, २० मे

ड्रायव्हरआजोबांना गाडीने उडवलं.

ड्रेसिंग करून निघाले होते. रेलिंगवर चढायचा प्रश्नच नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे सिग्नलकडे चालत होते. फुटपाथवर गाड्या, म्हणून खाली रस्त्यावरून. मालाच्या टेंपोचा आरसा खांद्याला लागला. पडले, खुबा मोडला. नर्सबाईंनी स्ट्रेचर घेऊन धाव घेतली, तर स्ट्रेचर गाड्यांच्या मधून निघेना. फिरून जावं लागलं.

मी ऑफिसात होते. रेषा मारत.

गुरुवार, २१ मे

मोठ्या रुग्णालयात जाऊन आले. ओळखलं त्यांनी. म्हणाले, टेंपोवाल्याची चूक नाही, त्याला रस्ता सरळ दिसला.

शुक्रवार, २९ मे

गेले आजोबा. सकाळी. नर्सबाईंचा फोन होता, रडत होत्या.

आज पहिल्यांदा वाटलं, मी मूळ प्रश्नच विचारायला नको होता. भीती वाटते का, हा. नाही म्हणाले असते तर रेलिंग आलं नसतं.

मंगळवार, २ जून

अपघाताचा नकाशा माझ्याकडे आला. पोलिसांच्या टिपणात एक ओळ — "पादचारी फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालत होता." म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. संन्यासी गेलासुद्धा.

जागेवर जाऊन मोजमाप घेतलं. ते पडले ती जागा, टेंपो, रेलिंग, बुजवलेली फट. आणि चौदाही गाड्या. प्रमाणात, नंबरांसकट. दवाखान्याच्या दारापासून चौथी आमची.

साहेबांनी पाहिला, म्हणाले, गाड्या काढा यातून. गाडी ही हलती वस्तू. नकाशात हलत्या वस्तू दाखवायची पद्धत नाही.

म्हटलं, मावशी कोण होती? स्थिर बांधकाम? तिला तर नंबर मिळाला.

ते म्हणाले, "बाई, तुमचं निवृत्तीला एक वर्ष उरलंय. माझी बावीस उरलीत." आवाज खालच्या पट्टीत होता. धमकी नव्हती, विनंतीच होती. मी नाही म्हटलं. संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने गाड्यांशिवाय नकाशा काढून दिला. सुंदर, स्वच्छ फुटपाथ.

माझा घरी आणला. जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवला.

बुधवार, ३ जून

सकाळी आमची गाडी फुटपाथवर नव्हती. हे सहाला उठून लांबच्या मैदानाजवळ लावून आले. चहा घेताना म्हणाले, "ते आजोबा मला वर्षानुवर्षं दिसायचे. आपल्या गेटाशी टेकायचे." मग कमिटीला पत्र लिहायला बसले. सगळ्यांनी गाड्या काढाव्यात म्हणून. वरातीमागून घोडं. तरी मी कपात पुन्हा चहा ओतला.

रविवार, ७ जून

कमिटीची सभा झाली. यांच्या पत्रावर कुणी बोललं नाही, फक्त सचिव बदलला. गाड्या तेरा होत्या, पुन्हा चौदा झाल्या. आमच्या जागी दुसऱ्याची लागली.

बुधवार, १० जून

मावशींच्या घरी गेले. दीड महिना टाळत होते. किल्लीवाला त्यांच्या शेजारच्याच खोलीत राहतो, त्याने पत्ता सांगितला नसता तर आणखी टाळलं असतं.

एक खोली, खिडकीशी दुसरी जुनी मशीन. जप्त झालेली अजून मिळाली नाही. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं — नकाशा कुणी नेला, सही कुणाची, कुठल्या टेबलावरून. काही वगळलं नाही. त्या शिवत राहिल्या. एक बाही पुरी केली.

मग म्हणाल्या, "तुम्ही मनापासून ऐकलंत हे मला माहीत आहे, ताई. चूक आमचीच. ऐकणाऱ्याच्या हातात काय आहे, ते आधी बघायला हवं होतं."

मारलं असतं तर बरं झालं असतं.

निघताना किल्लीवाला दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं असणार, भिंत पत्र्याची आहे. माफी मागायला तोंड उघडलं तर मला थांबवून एकच विचारलं — त्या रेलिंगचा पाइप भरीव आहे की पोकळ?

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली पाहत होता.

सांगितलं. पोकळ. दीड इंची. दवाखान्याच्या दारासमोर मधला खांब नाही, आडवे पाइपच आहेत.

लोकांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. आजवर मीच विचारत होते.

सोमवार, १५ जून

काल भर दुपारी दवाखान्यासमोरचं रेलिंग कुणीतरी कापलं. थांब्यावर गर्दी, दवाखान्याच्या दारात रांग, पण कुणीच काही पाहिलं नाही. साहेबांनी पाहणीला मलाच पाठवलं. मोजून चार फूट. खालचं सिमेंट फोडून सपाट केलंय. कापलेली टोकं कानशीने घासून गोल केलीत, लहान मुलाचा हात लागला तरी ओरखडा येऊ नये अशी. माझ्यासमोर एक बाई बाळाला घेऊन तिथून पलीकडे गेली.

ऑफिसात येऊन रेलिंगचा मूळ आराखडा कपाटातून काढला. अखंड रेषा होती, ती तिथे तोडली. चार फूट. मग अहवालात लिहिलं — जागेवरील काम मंजूर आराखड्याप्रमाणेच आहे — आणि खाली सही केली.